रिकाम्या बादलीचा आग्रह

६ जानेवारी, सोमवार

साखर दोनशे ऐंशी. डॉक्टरांनी रिपोर्टवरच्या आकड्याभोवती पेनानं गोल काढून दाखवला. मी जन्मभर वजनमापं खात्यात निरीक्षक होतो, मला आकडे कुणी गोल काढून दाखवू नयेत. ते म्हणाले, "काकासाहेब, नुसत्या गोळ्या वाढवून भागणार नाही. जेवण मोजून घ्या."

घरी आल्यावर सारजाला सांगितलं, की आजपासून दोन भाकरी, वाटीभर वरण, वाटीभर भाजी. ती म्हणाली, "मोजून? घरच्या माणसाला?" आणि तिसरी भाकरी ताटात टाकायला आली. मी नको म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हणालो. तिसऱ्यांदाही नकोच म्हणालो. चौथ्यांदा विचारलं तेव्हा खाल्ली. लग्न झाल्यापासून हे असंच चालू आहे. माझी साखर साखरेनं वाढलेली नाही, आग्रहानं वाढलेली आहे.

घरात इलाज नाही म्हणून घराबाहेर काढला. कॉलनीचं सभागृह रिकामं पडून असतं. तिथं रोज संध्याकाळी लोकांनी एकत्र यायचं, स्वस्तात आणि प्रकृतीला मानवेल असं शिजवायला शिकायचं आणि पंगतीनं जेवायचं. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारी पोरं खोल्या करून राहतात, त्यांचे जेवणाचे हाल आहेत. एकेकटी म्हातारी माणसं आहेत. नाव ठेवलं 'समतोल सामुदायिक पाकशाळा'. अध्यक्ष सुदर्शनरावांनी नऊ फेब्रुवारीपर्यंत सभागृह दिलं. त्या दिवशी कमिटी स्वतः जेवायला बसणार. चाळीस पानं भरली आणि जेवण पसंत पडलं तर सभागृह पुढंही आपलं, नाहीतर गाद्यांच्या सेलवाल्याला भाड्यानं.

इथं खरं लिहायला हरकत नाही. निवृत्त झाल्यापासून माझं कुणी ऐकत नाही. मी आलो की एके काळी धान्याचा अख्खा मोंढा उठून उभा राहायचा. आता भाजीवालासुद्धा "आजोबा, जरा सरका" म्हणतो. ही पाकशाळा चाललीच पाहिजे.

९ जानेवारी, गुरुवार

पहिली पंगत झाली. पंचवीस पानं.

घरचा काटा नेला होता. शिकाऊ मंडळींनी मेथी निवडली, लसूण सोलला, मी प्रथिनांवर बोललो. भाकरी मात्र सारजा आणि शेजारच्या मालनबाई या दोघींनीच थापल्या, कारण शिकाऊंच्या भाकरीला चार कोपरे येत होते. प्रत्येक भाकरी काट्यावर ठेवली. मालनबाईंची भाकरी जड भरते. मी तिच्या कडा तोडून ते तुकडे सारजाच्या हलक्या भाकऱ्यांबरोबर दिले. मालनबाई बघत राहिल्या.

सगळ्यांच्या आधी मी जेवलो, कारण तपासणी निरीक्षकानंच करायची असते. मग पंगत बसली. दोघी वाढायला होत्या. त्या मागाहून जेवतील, घरी जेवतात तशा.

जेवण उत्तम झालं होतं. पण ताटं साफ झाली तरी कुणी उठेना. माणसं नुसती बसून राहिली, कुणी भिंतीकडं बघतंय, कुणी ताटावर बोटानं रेघा ओढतंय. आमचा वॉचमन मुंजाबा पंगतीतच होता. त्यानं मला खुणेनं बोलावलं. "साहेब, वाट बघाय लागलेत समदे."

"कशाची?"

"कुणीतरी आनखी घ्या म्हनंल म्हणून."

"आणखी नाहीच आहे. मोजून केलंय."

"नसू द्या की. म्हनाय काय जातंय?"

शेवटी दौलताबादकडचे कडुबा उठले. वयानं सगळ्यांत मोठे, लेकाकडं राहायला आलेत. हात धुताना म्हणाले, "जेवण ब्येस व्हतं. पर मयताच्या घरी जेवल्यागत वाटलं."

११ जानेवारी, शनिवार

अकराच पानं उठली. बाकीचे जालना रोडच्या गाड्यावर भजी खाताना दिसले. एकाला गाठून विचारलं, पोट भरत नाही का? म्हणाला, "भरतंय काका, पर बरं नाय वाटत." ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं.

गाद्यांवाला येऊन गेला. त्यानं टेप आणला नव्हता. सभागृहात आडवा झाला, उठला, सरकून पुन्हा आडवा झाला, असं करत त्यानं जागेचा अंदाज घेतला. मापनाची ही पद्धत मी पहिल्यांदाच पाहिली. मला फार राग आला.

१३ जानेवारी, सोमवार

अंघोळीला बसलो असताना सुचलं. आग्रह आणि अन्न या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आजवर त्या एकाच पळीनं वाढल्या गेल्या, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पाहुण्याला अन्न हवं असतं ते ताटात असतंच. त्याला वर हवा असतो तो फक्त आग्रह, आणि तो फुकट असतो, त्यात साखर नसते.

बाजारातून झाकणाची स्टीलची बादली आणि पळी आणली. बादली रिकामी. मुंजाबाला कामगिरी सांगितली. ताटं साफ झाली की पंगतीतून जायचं, पळी वाजवायची आणि प्रत्येकाला तीनदा विचारायचं. तो म्हणाला, "आन कुणी हो म्हनलं तर?"

मी म्हणालो, "मुंजाबा, तुझ्या उभ्या आयुष्यात आग्रहाला पहिल्या तीन वेळा हो म्हणणारा माणूस पाहिलास का?"

त्यानं मान खाजवली. "नाय बा."

संध्याकाळी तो पंगतीत उतरला. मुंजाबाचं घराणं मेंढरामागं फिरणारं, आवाज माळ ओलांडून जाणारा. "घ्या की पाव्हणं, अर्धी तरी. आमच्या हातचं गोड लागंना व्हय?" लोकांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. "नगं नगं, लई झालं, पोट फुटंल." माणसं ढेकर देत उठली. कडुबांनी मुंजाबाच्या पाठीवर थाप मारली आणि मला म्हणाले, "आता कसं, पंगत वाटली."

निवृत्तीनंतर इतका आनंद मला झाला नव्हता.

१७ जानेवारी, शुक्रवार

बादली रिकामी असते हे आता पंगतीतल्या सगळ्यांना माहीत आहे. कुणाचं काही बिघडलेलं नाही. उलट आज एका पोरानं तक्रार केली की शेजारच्याला मुंजाबानं चारदा विचारलं आणि त्याला तीनदाच. आग्रहाचंही माप ठरवावं लागलं. माणशी तीन, साठीच्या पुढं चार, कुणाचा जावई आला तर पाच आणि दंडाला धरून. अकरावरून तेहतीस पानं झाली.

सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे उरत काही नाही. रोज पंगत उठली की मी पातेली तिरकी करून बघतो. एक शीत नसतं. आज मालनबाई पदराला हात पुसत आल्या. "साहेब, दोन भाकरीचं पीठ जादा भिजवू का?"

मी त्यांना समजावलं की जादा करण्याच्या सवयीनंच आपला देश मागं राहिला. त्या "बरं" म्हणाल्या. मी त्यांच्या देखत पातेलं उजेडात धरून दाखवलं. सारजालाही दाखवलं. सारजा म्हणाली, "दिसतंय की."

२२ जानेवारी, बुधवार

मालनबाई घरून डबा आणायला लागल्या आहेत. फडक्यात बांधलेला असतो. इतके दिवस इथं शिजवून त्यांचा या अन्नावर विश्वास बसलेला नाही याचं वाईट वाटलं.

सारजाचं मात्र वळण बदलतंय. संध्याकाळची घरची चूल मी बंद केली आहे, दोन ठिकाणी शिजवणं हा अपव्यय. आज घरी परतल्यावर ती चहात टोस्ट बुडवून खात होती. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "एकटीसाठी काय चूल पेटवायची." माझी काटकसर इतक्या वर्षांनी तिच्या गळी उतरली. डॉक्टरांकडं जाऊन आलो. साखर एकशे सत्तर.

२५ जानेवारी, शनिवार

शेंगदाणे कमी भरतात. चटणीसाठी काढलेले आणि कुटायला घेतलेले यांत रोज मूठ-दीड मुठीची तूट. रात्रीतून नाही, शिजवण्याच्या वेळेतच. म्हणजे उंदीर धीट आहे. ओट्याखाली सापळा लावून त्यात गुळाचा खडा ठेवला.

सारजा म्हणाली, "उंदीर आहे हे कुणी बघितलं?" मी म्हणालो, वजन बघितलं.

२८ जानेवारी, मंगळवार

सापळ्यातला गूळ रोज जातो आणि सापळा उघडाच राहतो. असला हुशार उंदीर मी सरकारी गोदामातही पाहिला नव्हता. मी खडा ठेवत राहतो, कधीतरी चुकेल.

आज पाण्याचा दिवस होता. आठवड्यानं पाणी आलं म्हणून सगळी कॉलनी हंडे-बादल्या भरायला धावली. सारजाला गच्चीवर चक्कर आली. पायरीवर बसली म्हणून बरं. मी तिला म्हणालो, ऊन लागलं असेल. ती म्हणाली, "असंल." तिच्या बांगड्या सैल झाल्यात, भाकरी थापताना कोपरापर्यंत जातात. माझाही पट्टा दोन भोकं आत गेलाय. पाकशाळेचा गुण दोघांनाही लागला. तिला रोज सकाळी चालायला सांगितलं आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार

सुदर्शनराव आले होते. रविवारी कमिटी येणार हे नक्की. मी त्यांना सांगितलं, ज्वारीची भाकरी, येसर आमटी, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, सगळं मापात. ते म्हणाले, "चाळीस पानं बगा काकासाहेब. एक जरी कमी बसलं तरी गादीवाला माझ्या मानेवर बसंल. आन कमिटीला आग्रह यजमानानं करायचा, वॉचमनला नका पाठवू."

मी घरी पळी घेऊन सराव केला. सारजा दारात उभी राहून बघत होती. मी कपाटाला म्हणत होतो, "घ्या की, अर्धी तरी." तिनं विचारलं, "तुम्ही कधी कुणाला वाढलंय व्हय?" मी आठवून पाहिलं. मी कुणालाच वाढलेलं नव्हतं. पण त्यात काय, मापं ठाऊक असली की झालं.

९ फेब्रुवारी, रविवार

आजचं आजच लिहायला हवं.

सात वाजता अडतीस माणसं आली. दोन पोरांना कंपनीत ओव्हरटाइम लागला. सुदर्शनराव पानं मोजत पंगतीच्या टोकापर्यंत गेले आणि माझ्याकडं वळून बघितलं. दारात गाद्यांवाला उभा होता. मी धावतच आत जाऊन सारजाला आणि मालनबाईंना म्हणालो, "हात धुवा आणि पानावर बसा. दोन पानं कमी आहेत."

सारजा म्हणाली, "आम्ही? आन वाढायचं कुणी?"

"मुंजाबा वाढेल. आग्रहाला मी आहे."

दोघी दाराजवळ अगदी कडेला बसल्या, उठायला सोपं पडेल अशा. मुंजाबानं वाढलं. माझं ताट झाकून ओट्यावर ठेवलं होतं. यजमान म्हणून आज मी पहिल्यांदाच आधी जेवलो नव्हतो. भाकरीला नाव ठेवायला जागा नव्हती, येसर आमटीवर कमिटीतले दोघं डुलत होते. ताटं साफ झाल्यावर मी बादली उचलली.

सुदर्शनरावांना पाच वेळा विचारलं. त्यांनी पाचही वेळा हात जोडले. "नगं नगं, काकासाहेब, जागाच नाय." चेहरा असा खुलला होता की सभागृह मिळाल्यातच जमा होतं. मी रांगेनं सरकत गेलो. तीनदा, चारदा, नको, नको. मलाही त्यात गंमत वाटू लागली. शेवटी सारजापाशी आलो. तिचं ताट घासल्यासारखं स्वच्छ होतं. मी सवयीनं म्हणालो, "घ्या की, अर्धी भाकरी, जराशी भाजी."

तिनं ताटावर हात धरला नाही. माझ्याकडं बघितलं, ताट दोन्ही हातांनी उचललं आणि पुढं केलं. "वाढा."

मला वाटलं तिला पद्धत कळली नाही. वाकून हळूच म्हणालो, "अगं, नको म्हणायचं असतं."

"का म्हणून नको म्हणू? भूक लागलीय. वाढा."

मालनबाईंनीही ताट उचललं. "मलाबी वाढा साहेब. महिना झाला, पातेल्यात काय ऱ्हातंय का बघतोय आम्ही."

काय करावं ते सुचेना. हातानं आपलं काम केलं, झाकण सरकवून पळी बादलीत घातली. ती तळाला लागून खणकन वाजली. सुदर्शनराव उठून आले, त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं. "मी रिकाम्या बादलीला पाच डाव हात जोडले व्हय?"

 मी आत गेलो. पातेली ओळीनं पालथी होती, महिनाभर मी ज्यांचं कौतुक केलं तशीच लख्ख. आज त्यांच्याकडं बघवेना. ओट्यावरचं माझं ताट घेतलं आणि बाहेर आलो. एक भाकरी सारजाच्या ताटात ठेवली, एक मालनबाईंच्या. आमटी आणि भाजी दोघींना अंदाजानंच वाढली. कुणाला जास्त गेली, कुणाला कमी, ते बघितलं नाही.

दोघी जेवायला लागल्या. सगळं सभागृह बघत होतं आणि त्यांना त्याचं काही नव्हतं. मधेच सारजानं घास हातात धरून विचारलं, "आन तुम्ही?"

मी म्हणालो, "मी मागाहून जेवतो."

म्हटल्यावर माझ्याच ध्यानात आलं की मागाहून काही नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

काल घरी आल्यावर सारजानं विचारलं, "पिठलं टाकू का?" मी नको म्हणालो. ती पुन्हा विचारेल म्हणून खाटेवर बसून राहिलो. तिनं गोधडी झटकली आणि झोपली. सबंध संसारात पहिल्यांदा तिनं माझं नको पहिल्याच वेळी ऐकलं.

गोळी घेतलेली आणि पोटात काही नाही. सकाळी दूध आणायला निघालो तर ओसरीतच डोळ्यांपुढं अंधारी आली. सारजानं धरून बसवलं, पदराची गाठ सोडली आणि गुळाचा खडा माझ्या तोंडात घातला. सापळ्यातल्या खड्याएवढाच होता.  गूळ विरघळेपर्यंत ती शेजारी बसून होती.

मग म्हणाली, "ऊन लागलं असंल."

ऊन अजून अंगणात उतरायचं होतं. मला फार लाज वाटली. मी तिला म्हणालो की मला कळलं नाही. ती म्हणाली, "सगळं तर मोजत होता." आणि चहा टाकायला उठली.

दुपारी सभागृहात जाऊन सापळा काढून टाकला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सुदर्शनराव चार दिवस बोलत नव्हते. आज फाटकाशी गाठ पडली. म्हणाले, "जेवण चांगलं व्हतं, त्याला मी नाय म्हनत नाय. सभागृह पाडव्यापर्यंत ठेवा. पर बादली भरून आना. आन कोन शिजवतंय त्यांचं पान आधी धरा, मग माझं." गाद्यांवाल्याला त्यांनी बाहेरचा व्हरांडा दिला आहे. जेवून बाहेर पडणारे लोक आता त्याच्या गाद्यांवर पाच मिनिटं आडवे होतात. त्याचा खप वाढला असं ऐकतो.

काटा घरी नेऊन ठेवला. पीठ मालनबाई मुठीनं घेतात. कडुबा भाकरी थापायला शिकलेत, त्यांच्या भाकरीला कोपरे येत नाहीत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बादलीत आता खरोखर भाजी असते, वर भाकऱ्या असतात. तरी लोक नको नकोच म्हणतात. मुंजाबानं झाकण उघडून दाखवलं तरी हात आडवे धरतात. भाजी उरते ती मालनबाई कुणाकुणाच्या डब्यात घालून देतात. माझी साखर दीडशेवर थांबली आहे.

पंगत उठली की दुसरी पंगत आम्हा चौघांची. सारजा, मालनबाई, मुंजाबा आणि मी. पळी माझ्याकडं असते. मालनबाई कालपासून इतरांसारखं नको म्हणायला लागल्यात, पण मुंजाबा म्हणतो तसं पोट फुटंल वगैरे नाही, साधं नको. सारजा मात्र त्या दिवसापासून रोज ताट पुढं करते. रोज म्हणते, वाढा. मी वाढतो. पहिले काही दिवस जेवून उठलेले लोक बघायचे आणि हसायचे. आता कुणी हसत नाही.

आज तिच्यापुढं आलो. अर्धी भाकरी वाढली, ती तिनं खाल्ली. पुन्हा विचारलं, पुन्हा खाल्ली. तिसऱ्यांदा पळी खाली नेली तेव्हा तिनं ताटावर हात आडवा धरला. "बास. नको आता."

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून हे मी कधी ऐकलं नव्हतं. पळी हातात धरून तिथंच उभा राहिलो. बांगड्या मनगटाशी होत्या. मी चौथ्यांदा विचारलं, खरंच नको ना?

ती हसली, पण हात काढला नाही.